चार सूत उतार

सज्जा गेलाय हे आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते खालच्या गाळ्यातल्या टेलरकाकांनी. २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. लग्नसराईचं काम अंगावर, म्हणून त्यांनी मशीन दाराशी ओढून घेतलेलं. हातातल्या पांढऱ्या सदऱ्यावर चिमूटभर तांबूस भुगा पडला. झटकला, थोड्या वेळानं पुन्हा पडला. मी बाजारातून आले तशी त्यांनी कागदाची पुडी उलगडून माझ्यासमोर धरली. "बाई, हे वरनं पडतंय. सकाळधरनं तिसऱ्यांदा."

मी मान वर करून बघितलं. आमच्या सज्ज्याच्या पोटाशी, भिंतीला लागून, हातभर लांबीचा काळा डाग होता. ओल असेल, उन्हाळ्यात वाळेल, असं म्हणत तो आम्ही चार-पाच वर्षं बघत होतो. तोपर्यंत डाग दुसऱ्या कडीपर्यंत, म्हणजे सज्जा पेलणाऱ्या दुसऱ्या आडव्या लाकडापर्यंत पोचला होता.

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, गंगावेशीतून पंचगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्याला. खाली दोन गाळे, वर माडी, आणि माडीच्या पुढं रस्त्यावर काढलेला चौदा फूट लांब आणि चार फूट रुंद लाकडी सज्जा. कातीव गजांचा कठडा, कोपऱ्यांवर नाजूक खांब, वर कौलांचं छोटं छप्पर. घर शाहू महाराजांच्या शेवटच्या वर्षांत बांधलं असं सांगतात, म्हणजे शंभरी गाठलेलं. पेठेत अशी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा समोरच्या ओळीतच पाच सज्जे होते. आता एक आहे, तोही जाळीत बंद केलेला.

सज्जा म्हणजे काय हे फ्लॅटमध्ये वाढलेल्या माझ्या मुलीला सांगावं लागलं नाही, कारण तिच्या सगळ्या सुट्ट्या तिथंच गेल्या. चैत्रात जोतिबाच्या सासनकाठ्या याच रस्त्यानं शिवाजी पुलाकडं जातात. खालून चाललेल्या माणसांना काठीचं टोक दिसत नाही, पण आम्हाला ते अगदी डोळ्यांसमोर येतं. टोकाची पानं, खालून उडालेला गुलाल, आणि 'चांगभलं' चा गजर, तो तर पायाखालच्या फळ्यांतून अंगात येतो. अनंत चतुर्दशीला मिरजकर तिकटीवरून निघालेली मिरवणूक महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेस करत रात्री आमच्या दारावरून जाते, तेव्हा नातेवाईक, त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, सगळे सज्ज्यात. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच सज्ज्यानं आम्हाला सांभाळलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की धोका, हे पेठेतलं लहान पोरही सांगतं. त्या वर्षी पाणी ती खूण ओलांडून कितीतरी वर गेलं. खालचे गाळे बुडले, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. तालमीची पोरं काहिलीसारख्या दिसणाऱ्या नावेतून दूध घेऊन आली आणि आत्यांनी सज्ज्यातून दोर सोडून पिशव्या वर ओढल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची पद्धत.

त्या पुरात सज्ज्यावर आम्ही नऊ माणसं तीन दिवस वावरत होतो. आता मागं वळून पाहिलं की अंगावर काटा येतो.

जून लागायच्या आधी पालिकेची नोटीस आली. पावसाळ्याआधी जुन्या पेठांमधून अशा नोटिसा दरवर्षी निघतात, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली. धोकादायक भाग उतरवून घ्या किंवा दुरुस्त करा. मजकूर छापील होता, फक्त 'रस्त्याकडील लाकडी सज्जा' एवढे शब्द पेनानं लिहिलेले. मला नोटिशीचा राग आला नाही. खाली शाळेत जाणारी पोरं उभी राहतात, टेलरकाका दिवसभर बसतात. सज्जा आमचा असला तरी तो ज्यांच्या डोक्यावर आहे ती माणसं आमची नाहीत, म्हणून त्यांची काळजी आधी.

एका ठेकेदाराला बोलावलं. त्यांनी खालूनच बघितलं, वर आलेसुद्धा नाहीत. "वहिनी, हे काढून टाकूया. सिमेंटचा स्लॅब टाकतो, स्टीलचा कठडा. पंधरा दिवसांत मोकळं. शंभर वर्षं बघायला नको." ह्यांना ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही अर्धं पटलं होतं. दर पावसाळ्यात पन्हळ तुंबते का बघा, कौलं सारखी करा, तेल लावा, हे सगळं करणारी बाई मीच. पण मी गणित शिकवते आणि आकडे मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. सिमेंट काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच हजार किलोच्या आसपास. सागवानाचं साडेसहाशे. म्हणजे जवळजवळ चौपट वजन, आणि ते अडकवायचं विटा, माती आणि चुन्याच्या दोन फुटी जुन्या भिंतीत. ज्या भिंतीनं शंभर वर्षांत लाकडाखेरीज दुसरं काही पेललं नाही, तिला हे कसं सांगायचं?

मग एका ओळखीच्या इंजिनिअरना विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न, घर वारसा यादीत आहे का? राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत वारसा इमारतींच्या तीन श्रेण्या आहेत आणि श्रेणीप्रमाणे काय बदलता येतं आणि काय नाही हे ठरतं. आमचं घर यादीत नव्हतं. "मग तुम्हाला कुणी अडवणार नाही," ते म्हणाले, "पण एक लक्षात घ्या. आहे तो सज्जा दुरुस्त करणं वेगळं आणि पाडून नवा काढणं वेगळं. पाडलात की आजचे नियम, आजचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा. रस्त्यावर परत चार फूट पुढं येता येईल याची खात्री मी देणार नाही." समोरच्या ओळीतले चार सज्जे कसे गेले याचं उत्तर मला त्या एका वाक्यात मिळालं. कुणी ठरवून घालवले नव्हते. एकदा उतरवले, ते परत चढले नाहीत.

त्यांनी सुईसारख्या दोन टोकांचं ओल मोजायचं यंत्र कडीत टोचलं. बाहेरच्या टोकाला तेरा, भिंतीजवळ अठ्ठावीस. लाकडातली ओल शेकडा वीसच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, त्याखाली ठेवली तर लाकूड पिढ्यान्‌पिढ्या राहतं. "पाणी बाहेरून येतंय असं तुम्हाला वाटतं," ते म्हणाले, "पण बाहेरचं टोक तर कोरडं आहे. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही."

पावसाळ्यात उघडता येत नव्हतं. सज्ज्याखाली लोखंडी धिरे दिले, माडीतून सज्ज्यात उघडणारं दार फळी ठोकून बंद केलं आणि थांबलो. त्याच ऑगस्टमध्ये, आठ तारखेच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं, शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, आतून सगळं लाकूड. मी पहिलं नाटक तिथं पाहिलं, माझ्या मुलीनंही तिथंच. सकाळी खासबागेकडं गेले तर रस्त्यावर माणसंच माणसं, आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ओल्या राखेचा वास नाकात घेऊन घरी आले आणि पहिलं काम केलं ते सज्ज्याच्या छताखालून गेलेली जुनी वायर काढायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्या दिवसानंतर घरात कुणी स्लॅबचं नाव काढलं नाही. मी कुणाला समजावलं नाही, समजावावं लागलं नाही.

सुतार शोधणं हे खरं काम. प्लायवूड आणि सनमायका लावणारे पुष्कळ आहेत आणि ते आपलं काम चोख करतात. पण जुन्या कडीवर हात ठेवून तिचं वय सांगणारा माणूस मिळायला दोन महिने गेले. शेवटी मिळाले ते मिस्त्री सत्तरीचे. घरी लाकडी रथ, पालख्या, देव्हारे करण्याची परंपरा. दिवाळी झाल्यावर आले. वर चढले, चप्पल काढून फरशीवर उकिडवे बसले आणि खिशातून गोटी काढून खाली ठेवली. काचेची, लहान पोरांची गोटी. ती जागेवर थांबली.

"फरशी कुणी बसवली?"

शहाबादी फरशी मामंजींनी १९८६ साली बसवली होती. त्याआधी नुसत्या फळ्या होत्या.

"आनि ह्याच्याआदी गोटी कुठं जायची?"

मला काय माहीत? पण आत्या आतल्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "रस्त्यावर. ठेवल्यालं सगळं रस्त्याकडं पळायचं. सज्जा वाकलाय म्हणायचे सगळे."

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांनी फरशीची एक लादी पहारीनं उचलली, खालचा कोबा फोडला, आणि खालची फळी उघडी झाली तेव्हा गुण्या आणि दोरी लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. "बाई, हे वाकल्यालं न्हाई. हे असंच केल्यालं हाय. फुटाला एक सूत. चार फुटांत चार सूत उतार, भायेरच्या अंगाला. पानी पडलं की जायाचं."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार फुटांत अर्धा इंच. शेकड्याला एकच्या जरासा वर. डोळ्याला कळतही नाही, पाण्याला कळतं. शंभर वर्षांपूर्वीच्या सुतारानं कड्या भिंतीत बसवतानाच बाहेरची बाजू तेवढी खाली धरली होती. आणि आम्ही सगळे, तीन पिढ्या, त्याला सज्जा वाकला म्हणत आलो.

फरशीनं तो उतार गेला. सपाट करायचं म्हणून बाहेरच्या बाजूला कोबा जाड घातला, भिंतीकडं पातळ. पावसाचं झोडपणारं पाणी आता बाहेर जाईना. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात ते मुरत राहिलं, अडतीस वर्षं. मी रात्री वहीत मांडलं. फरशी आणि कोबा मिळून तीन इंच, छप्पन्न चौरस फुटांवर. वजन नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे तेरा-चौदा माणसं अडतीस वर्षं एकदाही खाली न बसता सज्ज्यात उभी होती, आणि त्यांच्यावर आम्ही मिरवणूक बघायला जात होतो.

सगळ्यात वाईट होतं ते भिंतीत. आतल्या खोलीच्या कड्याच भिंतीतून पुढं काढलेल्या, त्यांच्यावर सज्जा. भार सगळ्यात जास्त कुठं येतो, तर कडी भिंतीतून बाहेर पडते नेमकं तिथं. जुन्या कारागिरानं प्रत्येक कडीखाली भिंतीत काळ्या दगडाचा एकेक तुकडा ठेवला होता आणि कडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा. वारा खेळावा म्हणून. खालचे खांब जसे दगडी तळखड्यावर उभे असतात, लाकूड जमिनीला टेकू नये म्हणून, तसंच हे. त्या मोकळ्या जागा फरशी बसवतानाच सिमेंटनं भरल्या गेल्या होत्या, कारण तिथं चिमण्या घरटी करायच्या आणि खाली काड्या पडायच्या. वरून भिंतीला सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद झालं. मग ओल जाणार कुठं? लाकडात गेली. मिस्त्रींनी पेचकस कडीत घातला तर मुठीपर्यंत आत गेला. ज्याला आम्ही कडी समजत होतो ती तिथं ओल्या चहापत्तीसारखी होती.

मला मामंजींचा राग आला, हे मी कबूल करते. ते जाऊन अकरा वर्षं झाली, फार जपून वागणारा माणूस, आणि तरी त्या क्षणी मनात आलं की एवढं सुंदर काम यांनी न विचारता झाकून टाकलं कसं. संध्याकाळी चहाच्या वेळी मी काही बोलले नाही. मिस्त्रीही बोलले नाहीत. बोलल्या त्या आत्याच.

"माझ्या मशीनसाठी केलं त्यांनी."

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा घरात चार पोरं, मामंजींचा पगार तुटपुंजा, आणि आत्या ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवायच्या. माडीत उजेड कमी. म्हणून पायाचं मशीन सज्ज्यात घेऊन बसायच्या. उतारामुळं मशीन हळूहळू कठड्याकडं सरकायचं, स्टूलही सरकायचं, आणि दर तासाला दोन्ही मागं ओढावं लागायचं. कंबर दुखायची. एकदा सुई बोटातून आरपार गेली, मशीन सरकल्यामुळं. त्या वर्षीच्या बोनसमध्ये मामंजींनी सज्ज्याला फरशी बसवून घेतली. आत्यांना न विचारता. त्या माहेरी गेल्या होत्या तेवढ्यात, परत आल्यावर त्यांनी बघावी म्हणून.

आत्यांनी हे सगळं मिस्त्रींकडं बघत सांगितलं, माझ्याकडं नाही. मिस्त्री हातातली बशी खाली ठेवून म्हणाले, "मावशी, फरशी काडावी लागंल."

"काढा की," आत्या म्हणाल्या. "आता काय मशीन हाय?"

मशीन आहे. कोठीच्या खोलीत, चादरीखाली.

काम सुरू झालं ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. हवा कोरडी, लाकूड कोरडं. आधी वरचं छप्पर तोलून धरलं, मग फरशी, कोबा खाली काढला. नऊशे किलो घमेल्यानं उतरवताना पोरांची पाठ गेली. मग फळ्या. त्या उचकटल्या नाहीत, खोलल्या. मिस्त्रींच्या दोन्ही पोरांना त्यांनी पहार हातात घेऊ दिली नाही. कठड्याचे गज साल-कुसूच्या, म्हणजे एकाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक अडकवणाऱ्या सांध्यात बसवलेले, खिळा एकही नाही, नुसत्या पाचरी. पाचर मागून ठोकली की सांधा सुटतो. मला आजवर वाटत होतं की मजबूत म्हणजे कायमचं, कधी न सुटणारं. हे काम सुटण्यासाठीच केलेलं होतं. ज्यानं केलं त्याला माहीत होतं की आपल्यामागं कुणीतरी हे खोलणार आहे, आणि त्याचे कष्ट कमी व्हावेत अशी सोय त्यानं करून ठेवली होती. मी त्या दुपारी वहीत फक्त एवढंच लिहिलं आणि पोरांचे पेपर तसेच राहिले.

आणि खुणा. प्रत्येक कडीच्या बगलेला पटाशीनं मारलेल्या रेघा होत्या. एक रेघ, दोन, तीन. भिंतीतल्या दगडाच्या तुकड्यावरही तेवढ्याच. ही कडी या जागी. तेरा कड्या, तेरा खुणा. आतापर्यंत ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्या माणसाचा हा एवढाच हस्ताक्षराचा पुरावा. मी बोटानं चाचपून बघितल्या, सातव्या कडीवर त्याचा हात जरा घसरला होता आणि रेघ तिरकी गेली होती.

तेरापैकी पाच कड्या पूर्ण गेल्या होत्या. तिघींची फक्त बाहेरची टोकं काढावी लागली. पाच धडधाकट. मिस्त्री प्रत्येक कडीवर हातोडीच्या दांड्यानं टकटक करत जायचे आणि कान लावून ऐकायचे. चांगलं लाकूड खण्ण बोलतं, गेलेलं बद्द. तिसऱ्या दिवशी मलाही ऐकू येऊ लागलं. पाच कड्यांसाठी लाकूड हवं, प्रत्येकी बारा फूट. बाहेर चार फूट काढायचं तर आत निदान आठ फूट पाहिजे, दुप्पट, नाहीतर कडी पुढं झुकते. म्हणजे माडीची जमीनही आठ फूट उघडावी लागली. आमचा संसार दीड महिना स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत होता. नवं सागवान बघितलं, पण त्याची वलयं विरळ आणि कडेला पांढरट कच्चं लाकूड. मिस्त्री नको म्हणाले. शेवटी जुनं लाकूड विकणाऱ्याकडं एका पाडलेल्या वाड्याच्या तुळया मिळाल्या. हात लावला तर गार, जड, आणि करवत लागली तेव्हा चामड्यासारखा तेलकट वास. वाडा कुठला ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. त्या तुळयांवरही कुणाच्या तरी पटाशीच्या खुणा होत्या, मिस्त्रींनी त्या रंध्यानं घालवल्या नाहीत, आतल्या बाजूला घेतल्या.

कड्यांची भिंतीत जाणारी टोकं त्यांनी काजूच्या टरफलाच्या तेलात भिजवली. कोकणात होड्यांना लावतात ते. आमच्याकडं चंदगड-आजऱ्याला काजू होतो, तिकडून मागवलं. हाताला लागलं तर कातडी जळते, म्हणून पोरांनी हाताला खोबरेल चोपडलेलं. ते तेल आत मुरलं की वाळवी त्या वाटेला जात नाही असं मिस्त्रींचं म्हणणं, आणि कडीच्या शिरांमधून पाणी आत चढत नाही हे मला इंजिनिअरनी सांगितलं. फळ्यांना वरून जवसाचं तेल, तीनदा.

भिंतीसाठी चुना. चुनकळी पिंपात विरवली तेव्हा पाणी उकळल्यासारखं खदखदलं आणि आत्या मुद्दाम बघायला उठून आल्या. दहा दिवस भिजत ठेवला. मग गवंड्यानं गूळ मागितला. जुन्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घालायचे हे ऐकलेलं होतं, पण आपल्या घराला गूळ लागेल असं वाटलं नव्हतं. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटलेली, मार्केट यार्डात नवा माल आलेला. पाच किलो घेतला. गुळाचं पाणी घातलं की चुना लवकर सुकत नाही, सावकाश आवळतो, तडे जात नाहीत. दोन दिवस आमच्या माडीला काकवीचा वास येत होता. कडीभोवतीची बोटभर जागा या वेळी मोकळी ठेवली. चिमण्यांचं काय, असं ह्यांनी विचारलं. गवंडी म्हणाला, "ऱ्हाऊ देत की."

त्याच दिवसांत किरणोत्सव आला. नऊ, दहा, अकरा नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि अंबाबाईच्या पायांपासून वर चढतात. त्या वाटेत कुणाचं बांधकाम आडवं येतंय का याची दरवर्षी चर्चा होते. आमच्या गावात घराची उंची नुसती मालकाच्या मर्जीवर नाही, ती मावळत्या सूर्यालाही विचारावी लागते, आणि मला यात काही चुकीचं वाटत नाही. मिस्त्री त्या तीन दिवशी चार वाजताच हातपाय धुऊन निघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी न विचारता सांगायचे, "झालं दर्शन." मग करवत हातात.

कड्या बसवताना त्यांनी दोरी लावली, पुन्हा लावली. फुटाला एक सूत. पोरगा म्हणाला, "आबा, सपाट करू की, दिसाय बरं दिसंल." आबांनी उत्तर दिलं नाही, फक्त दोरीचं बाहेरचं टोक अर्धा इंच खाली धरून त्याच्या हातात दिलं. शेवटच्या फळीला पाचर बसली तेव्हा त्यांनी तीच काचेची गोटी भिंतीशी ठेवली. ती क्षणभर थांबली, मग निघाली. चार फूट जायला तिला चांगला वेळ लागला. कठड्याच्या फटीतून खाली पडली आणि टेलरकाकांनी तिथून "आली बघा" म्हणून आरोळी दिली.

नव्या पाच कड्यांवर मिस्त्रींनी खुणा मारल्या. जुन्याच क्रमानं. सातवी त्यांच्या वाट्याला आली. जुनी तिरकी रेघ गेली होती ती कडीबरोबर. त्यांनी सरळ मारली, मग थोडा वेळ तिच्याकडं बघत बसले.

खर्च स्लॅबच्या दीडपट झाला. ह्यांनी भविष्य निर्वाह निधीतून काढला. परवडला असं मी म्हणणार नाही.

जायच्या दिवशी मिस्त्रींनी कोठीतलं मशीन बघितलं होतं की काय कोण जाणे, त्यांनी सडलेल्या कडीच्या चांगल्या तुकड्यातून चार चपट्या पाचरी काढल्या. दोन मशीनच्या पायाखाली, दोन खुर्चीच्या, पुढच्या बाजूनं. मी पट्टी लावून बघितलं. पायांत अंतर दीड फूट, पाचरीची उंची दीड सूत. मशीन सपाट उभं राहिलं. आत्यांनी त्याच्यावरची चादर काढली, चाकावर हात ठेवला, फिरवलं. पट्टा केव्हाच सुकून तुटला होता. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही आत निघून गेले.

यंदाच्या अनंत चतुर्दशीला सज्ज्यात पंधरा माणसं होती. इंजिनिअरनी घातलेली मर्यादा पंधराचीच, आणि आत्या दारात खुर्ची टाकून मोजायला बसल्या होत्या. कुणी सोळावा आला की आधी एकाला आत बोलवायचं, मग त्याला सोडायचं. रात्री दोनच्या सुमाराला जोराची सर आली, वाऱ्यानं पाऊस आडवा आत मारला आणि सगळे माडीत पळाले. खाली ढोल थांबले नाहीत. तासाभरानं पाऊस उघडला तेव्हा सज्ज्यात कुणीच नव्हतं. आत्या कठड्याला धरून बाहेर गेल्या, भिंतीशी वाकल्या आणि फळीवर तळवा ठेवला. मग दुसऱ्या फळीवर. मी आतून विचारलं, काय बघताय आत्या?

त्यांनी हात वर करून मला दाखवला. कोरडा होता.